शेपटीखालचे दुखणे

सकाळची तपासणी आटोपत आली होती. तेवढ्यात आमच्या दवाखान्यात नेहमी येणारे एक काका आत आले. उजव्या हाताला पंचा गुंडाळलेला आणि तो रक्ताने भिजलेला. वय 76, जुना मधुमेह, शिवाय हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. त्यामुळे रक्त थांबायला तयार नव्हते. चावा घेतला होता तो घरच्याच कुत्र्याने, नऊ वर्षांच्या मोतीने. ‘डॉक्टर, मोती आयुष्यात कुणाला चावलेला नाही,’ असे काका तीन वेळा म्हणाले. जखम धुताना मी विचारले, ‘त्या वेळी तुम्ही काय करीत होतात?’ काका गप्प. मदतनीस बाई बाहेर गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, ‘त्याची मागची बाजू पुसत होतो. तिथे काहीतरी झालंय. पण असलं दाखवायचं कुणाला?’

या स्तंभात आपण एरवी माणसांच्या दुखण्यांविषयी बोलतो. मी पशुवैद्य नाही, आणि पुढील मजकूर वाचून कुणी घरच्या घरी प्राण्यावर उपचार करावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही. परंतु मुले परगावी गेलेल्या कितीतरी घरांत आज कुत्रा किंवा मांजर हाच घरातील तिसरा माणूस असतो. त्याचे काही दुखले-खुपले की आजी-आजोबा प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरलाच विचारतात. मोतीच्या निमित्ताने एका पशुवैद्य मैत्रिणीकडून मी जे नीट समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

कुत्र्याच्या व मांजराच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांस, त्वचेखाली, एकेक लहानशी पिशवी असते. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणावी. एक पिशवी चारच्या आकड्यापाशी, दुसरी आठच्या. आकार साधारण वाटाण्याएवढा, मोठ्या कुत्र्यात थोडा अधिक. पिशवीच्या अस्तरातील ग्रंथी तपकिरी रंगाचा, अतिशय उग्र वासाचा स्राव तयार करतात आणि तो बारीक नळीवाटे गुदद्वाराच्या कडेशी येतो. बोलण्यात या पिशव्यांनाच गुदग्रंथी म्हणतात. घट्ट मल बाहेर पडताना त्यांच्यावर दाब येतो आणि थोडा स्राव मलाबरोबर निघून जातो. त्या वासाने प्राणी आपली ओळख मागे ठेवतो. रस्त्यात दोन कुत्री भेटली की परस्परांच्या शेपटीखाली हुंगतात, ते असभ्यपणाचे लक्षण नसून एकमेकांची विचारपूस असते. मुंगूसही असाच गंध दगडांवर लावून ठेवते. कुत्रा फार घाबरला तर त्याच्या पिशव्या एकदम रिकाम्या होतात आणि खोलीत क्षणभर थांबवत नाही. तो आजार नव्हे.

आजार सुरू होतो तो पिशवी रिकामी होईनाशी झाली म्हणजे. मल सतत सैल असेल, प्राणी स्थूल असेल, त्वचेच्या ॲलर्जीने तो भाग सुजलेला असेल, तर पिशवी पुरती रिकामी होत नाही. आतला स्राव घट्ट होत जाऊन मलमासारखा साकळतो आणि बारीक नळी तुंबते. तुंबलेल्या जागी जंतू वाढतात, पू होतो, गळू धरते आणि अखेर गुदद्वाराच्या बाजूची त्वचा फुटून रक्त-पू वाहू लागतो. लहान चणीच्या कुत्र्यांत हे अधिक आढळते. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हटले जाते तो पांढरा, झुपकेदार स्पिट्झ जातीचा कुत्रा याच चणीचा, आणि मोती त्यांपैकीच. पण लॅब्रॅडॉर किंवा गावठी कुत्र्यालाही हा त्रास होऊ शकतो.

लक्षणे ओळखणे कठीण नाही; अट एवढीच की पाहायला हवे. कुत्रा बसल्या जागी मागचे पाय पुढे घेऊन फरशीवर किंवा सतरंजीवर पार्श्वभाग घासत सरकतो. मुले हसतात, कुणी चित्रफीतही काढते. तो शेपटीखाली वारंवार चाटतो, मध्येच दचकल्यासारखा उठून मागे वळून पाहतो, बसताना एका कुशीवर कलतो, शौचाला बसून कण्हतो. शेपटीला हात लावू देत नाही. बसल्या जागी तपकिरी ठिपका पडतो आणि त्याला सडक्या मासळीसारखा वास येतो.

घासणे दिसले की आपल्याकडे निदान ठरलेले असते, ते म्हणजे जंत. काकांनीही औषधाच्या दुकानातून जंताची गोळी आणून दिली, फरक पडेना म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा दिली. या गडबडीत तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात साध्या तुंबलेल्या पिशवीचे गळू झाले. जंतांमुळे कुत्रा घासतच नाही असे नव्हे. पिसवांमार्फत होणाऱ्या एका पट्टकृमीचे तुकडे शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यांसारखे चिकटलेले दिसतात. जंताचे औषध पशुवैद्य सांगतील त्या अंतराने अवश्य द्यावे. परंतु औषध देऊनही घासणे चालूच राहिले, तर दुसरी गोळी आणण्यापूर्वी कुणीतरी शेपटी उचलून पाहिले पाहिजे.

आता मला खरोखर सांगायची आहे ती गोष्ट. त्याच संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. काकूंना अडीच वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत. मोती त्यांच्या पायथ्याशी झोपतो. गेले काही दिवस खोलीत दुर्गंधी येत होती आणि चादरीवर तपकिरी डाग दिसत होते. घरातील प्रत्येकाने, अगदी दिवसाच्या सेविकेनेही, त्याचा एकच अर्थ लावला होता. काकूंचे डायपर दिवसातून सात-आठ वेळा बदलले जात होते. साबणाने घासून घासून त्यांची त्वचा लालबुंद झाली होती. सुनेने खोलीत उदबत्त्या लावून ठेवल्या होत्या. कुणी काही वाईट बोलले नव्हते. पण नाकाला पदर लावून आत येणारे माणूस अंथरुणावरच्याला दिसतेच. मी तपासले तर काकूंची जीभ कोरडी, लघवी गडद. विचारल्यावर सेविका म्हणाली, ‘हल्ली पाणी घेतच नाहीत. रात्रीचं जेवणही सोडलंय.’ काकू एकेक शब्द जुळवीत म्हणाल्या, ‘खाल्लं नाही तर घाण होणार नाही. मला माझाच वास येत होता.’

तो वास त्यांचा नव्हता. डाग पायथ्याशी होते, मोती जिथे बसतो तिथे. काकूंच्या कमरेखालचा कपडा कोरडा आणि स्वच्छ होता. इतक्या लोकांपैकी कुणीही डाग नेमका कुठे आहे हे पाहिले नव्हते. वृद्ध, परावलंबी माणूस घरात असले की प्रत्येक दुर्गंधीचा आळ त्याच्यावर येतो, आणि ते माणूसही तो निमूटपणे स्वीकारते. काळजीवाहकांना माझी विनंती आहे की घरात पाळीव प्राणी असेल आणि अचानक वास येऊ लागला, तर प्रथम डागाची जागा पाहा. मलमूत्राचा वास वेगळा, हा वेगळा. हा एकदम भपकन येतो आणि प्राणी खोलीबाहेर गेला की ओसरतो. प्राण्याची शेपटी हुंगून पाहण्यास संकोच वाटू नये. अंथरुणावरच्या माणसाच्या मनातील शंका त्यापेक्षा फार महाग पडते. काकूंना तेव्हा मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगावे लागले की हे मोतीचे दुखणे आहे. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी कमी पडले तरी वृद्धांना मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, भ्रम होतो. मग त्याचे मूळ शोधत आम्ही डॉक्टर बसतो.

पशुवैद्याकडे नेल्यावर काय होते, याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. केवळ तुंबलेली पिशवी असेल तर ते हातमोजा घालून, वंगण लावून, एक बोट आत व अंगठा बाहेर ठेवून ती हलकेच रिकामी करतात. काही क्षणांचे काम असते. स्राव फार घट्ट झाला असेल तर गुंगीचे औषध देऊन पिशवी सलाइनने धुतात. संसर्ग असेल तर प्रतिजैविके आणि वेदनाशामक देतात. गळू असेल तर ते फोडून पू काढतात आणि आतून स्वच्छ करतात. मग जखम चाटू नये म्हणून गळ्याभोवती प्लास्टिकचा कोन बसवतात. तो कोन पाहून घरच्यांना दया येते आणि पहिल्याच रात्री काढला जातो. कृपा करून काढू नका. एका रात्रीच्या चाटण्याने आठवड्याचे काम फुकट जाते. त्रास वारंवार होऊ लागला तर पिशव्या शस्त्रक्रियेने काढण्याचा मार्ग आहे. पण त्या गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूंच्या मधोमध असतात. त्यांना इजा झाल्यास मलावरील ताबा जाऊ शकतो, म्हणून तो निर्णय घाईने घेत नाहीत.

ज्या कुत्र्याला काहीच त्रास नाही त्याच्या पिशव्या दर महिन्याला, आंघोळीबरोबर, पिळून घेण्याची एक पद्धत केस कापणाऱ्या दुकानांतून रूढ झाली आहे. माझ्या पशुवैद्य मैत्रिणीला ती बिलकूल पसंत नाही. निरोगी पिशवी विनाकारण दाबल्याने तिला सूज येऊ शकते आणि नसलेले दुखणे सुरू होते. तिचे म्हणणे मला पटले. कानातील मळ काढण्याच्या हौसेपायी कानाचा पडदा दुखावून घेणारे रुग्ण मी दर महिन्याला पाहते. घरी तर हा प्रयोग करूच नये. दृष्टी अधू, हातात कंप, बोटांत जोर नाही आणि समोर वेदनेने बेजार झालेला प्राणी, अशा स्थितीत काय होते ते काकांच्या हातावर दिसत होते.

याहूनही अधिक भीती मला वाटते ती आपल्या औषधांच्या डब्याची. सोसत नाही म्हणून प्राण्याला स्वतःची गोळी देणारे प्रेमळ लोक पुष्कळ आहेत. ताप-अंगदुखीची पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला द्यायची म्हणजे विष देण्यासारखे आहे. ती पचवून निरुपद्रवी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते; रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड सुजते आणि 500 मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. मूळव्याधीचे मलम लावणेही तितकेच चुकीचे. त्यातील बधिर करणारे औषध प्राणी चाटून पोटात घेतो. पाण्यात टाकताच पांढरे होणारे जंतुनाशक द्रव मांजराच्या अंगाला लावू नये, कारण त्यांतील घटक तिला बाधतात. आणि एखाद्याने चुकून गोळी दिलीच असेल, तर लाजून लपवू नका. कोणती, किती आणि केव्हा दिली हे पशुवैद्यास लगेच सांगा.

मांजरात गुदग्रंथीचा त्रास कुत्र्याहून कमी आढळतो, पण होतो तेव्हा लवकर कळत नाही. मांजर फरशीवर घासत बसेलच असे नाही. ते एका कोपऱ्यात जाऊन चाटत राहते. शेपटीखालचे केस विरळ होतात, ठरलेल्या जागी शौच करायचे सोडून ते भलतीकडेच करते. घरच्यांना वाटते, म्हातारपणामुळे खोडी लागली. गळू फुटल्यावर जी जखम दिसते ती बोक्याच्या भांडणातली समजून हळद लावली जाते. जखम नेमकी गुदद्वाराच्या एका बाजूस, चार किंवा आठच्या आकड्यापाशी असेल, तर भांडणावर भिस्त ठेवू नये.

वयस्क कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. एका बाजूस कठीण, न दुखणारी गाठ लागली, मल चपटा येऊ लागला, किंवा कुत्रा एकाएकी फार पाणी पिऊ लागला आणि वारंवार लघवी करू लागला, तर ती पिशवीतील कर्करोगाची खूण असू शकते. त्या गाठीमुळे काही वेळा रक्तातील कॅल्शियम वाढते आणि तहान लागते. गाठ बाहेरून लहान असतानाच पोटातील लसिका ग्रंथींपर्यंत ती पोचलेली असू शकते, म्हणून पशुवैद्य बोट घालून तपासतात. न दुखणारी गाठ म्हणजे निरुपद्रवी गाठ, हा समज माणसांतही खोटा आहे आणि प्राण्यांतही. आपल्यापैकी कितीजण शौचावाटे रक्त जाते हे ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्ष-वर्ष सांगत नाहीत, ते मला ठाऊक आहे. माणसाला प्राण्यासारख्या पिशव्या नसल्या तरी आपल्याही गुदमार्गाच्या भिंतीत सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतल्या संसर्गाने गळू होते आणि पुढे भगंदर. तिथेही रुग्ण उशिराच येतात, आणि उशीर होण्याचे कारण तेच, लाज.

खाण्याविषयी थोडे. मोतीचे वजन असायला हवे त्यापेक्षा बरेच अधिक होते, कारण काकांच्या प्रत्येक चहाबरोबर त्याला दोन बिस्किटे मिळत. बिस्किटे बंद करावीत, फिरणे वाढवावे. मल सैल राहत असेल तर त्याचे कारण पशुवैद्याने शोधावे. नुसता चोथा वाढवायचा असेल तर मीठ-मसाला न घातलेला उकडलेला लाल भोपळा थोडा देता येतो. काही पशुवैद्य इसबगोलही सुचवतात, मात्र किती आणि किती पाण्याबरोबर हे त्यांनाच विचारावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आठवड्यातून एकदा, प्राणी शांत असताना, शेपटी उचलून एक नजर टाकावी. तेवढे पुरते. अंगाला तो स्राव लागल्यास साबणाने हात धुवावेत. मधुमेही व्यक्तींनी किंवा हाताला भेगा असणाऱ्यांनी पुसण्याआधी हातमोजे घालावेत.

आणि चावा झालाच तर? घरचा कुत्रा, लस दिलेली, म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पाहा, 15 मिनिटे फार मोठी असतात. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे. अशा जखमेला आम्ही शक्यतो टाके घालत नाही. ती निष्काळजी नव्हे. रक्त आलेले असल्यास रेबीजच्या लशीबरोबर जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लस स्नायूत दिली तर पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी देतात. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवावे. तो धडधाकट राहिला तर पुढील मात्रांबाबत डॉक्टर फेरविचार करतात. कुत्र्याची लसीकरणाची पुस्तिका बरोबर आणावी. मांजराचा चावा दिसायला सुईएवढा असतो, पण तिचे दात खोल जातात आणि बोटाचा सांधा एका रात्रीत सुजतो. त्यालाही उद्यावर टाकू नये. मधुमेही किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दुखावलेल्या कुत्र्याला पशुवैद्याकडे नेताना एकट्या वृद्धाने उचलू नये. ओळखीच्या तरुण माणसाला बरोबर घ्यावे, तोंडाला जाळी बांधावी, मऊ चादरीत गुंडाळून न्यावे. ज्यांना घर सोडून जाणे शक्य नाही त्यांनी फोन करून विचारावे. मोठ्या गावांत आता घरी येणारे पशुवैद्य मिळतात. वाई, खंडाळा, भोर या भागातल्या वाचकांना शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. मुंबईकरांना परळचे, जे 1886 पासून चालू आहे. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रामुख्याने गुरे येतात, पण कुत्रा नेला तर कुणी परत पाठवीत नाही.

मोतीचे गळू दुसऱ्याच दिवशी फोडले. दहा दिवस कोन गळ्यात होता, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. अठ्ठाविसाव्या दिवशी काका शेवटच्या मात्रेसाठी आले तेव्हा हाताची जखम भरली होती. मी काकूंची चौकशी केली. मोती पुन्हा पायथ्याशी झोपतो, असे ते म्हणाले, आणि उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या सेविकेला दुपारी पुन्हा भरावा लागतो.